सुराचा डबा

‘स्वरमेळा’ ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर सुषमाचा फोटो कायम मधोमध असायचा. हिरवी साडी, हातात माईक, डोळे मिटलेले. शिक्रापूर, पाबळ, न्हावरे, जिथं म्हणून मंगल कार्यालय आहे तिथल्या भिंतीवर तो फोटो उन्हानं विटेपर्यंत चिकटलेला असायचा. मग एका लगीनसराईच्या तोंडाला नवं पोस्टर छापून आलं. मधोमध भांडगावची अनुपमा होती, माईक उंच धरून खळखळून हसणारी. सुषमा खाली डाव्या कोपऱ्यात, ढोलकीवाल्याच्या शेजारी. तोच जुना, मिटल्या डोळ्यांचा फोटो.

केंदूरला एसटी थांबते तिथल्या भिंतीवर तिनं ते पहिल्यांदा पाहिलं. शेजारच्या दोघी-तिघी बरोबर होत्या. त्यातली एक म्हणाली, “सुषमे, तू कुठं हायेस गं ह्याच्यात?”

सुषमानं बोटानं कोपरा दाखवला. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या त्या सगळ्या कडेला फाटल्या.

गाणं सुषमाकडं आलं ते वडलांकडून. ज्योतिबा धनगर माणूस. मेंढरं आजोबांच्या काळातच विकली गेली होती, शेती होती, पण बिरोबाच्या देवळात ओव्या म्हणायला आजूबाजूची चार गावं ज्योतिबालाच बोलवायची. पोरीला त्यांनी शेजारी बसवून शिकवलं. तिचा सूर हलला की ते काही बोलायचे नाहीत, नुसती मान फिरवायचे. ती फिरलेली मान सुषमाला छडीहून जास्त लागायची. लग्न होऊन ती केंदूरला आली, नवरा बिरदेव रांजणगावच्या कंपनीत मशीनवर, स्वभावानं थंड. एका लग्नात तिनं मंगलाष्टकं म्हटली आणि तिथं आलेल्या मच्छिंद्र आप्पांनी ती ऐकली. मच्छिंद्र आप्पा कोरेगाव भीमाचे, ‘स्वरमेळा’चे मालक. त्यांनी बिरदेवला भेटून विचारलं, “तुमच्या मंडळींना आमच्याकडं गाऊ देता का?” बिरदेव म्हणाला, “मला काय इचारता? गळा तिचा हाय.”

तेव्हापासून हळदी, डोहाळजेवणं, साठी, कंपनीतल्या साहेबांचे निरोप समारंभ, सगळीकडं सुषमा गायची. कार्यक्रमाचं पहिलं गाणं, गणपतीचं, तिचंच. काळी चारच्या उंच पट्टीत ती सूर लावायची आणि जेवणाच्या पंगतीतली माणसंही घास हातात धरून थांबायची. हे ती स्वतः सांगायची नाही, पण तिला ते चांगलं माहीत होतं.

अनुपमा आली तेव्हा पंचविशीतली होती. सासर भांडगावचं, दौंड तालुक्यातलं, सोलापूर रस्त्यावर. घरची शेतीवाडी, सासऱ्यांचं सोसायटीत वजन, नवरा इंद्रजीत हौशी. तिचे मोबाईलवरचे व्हिडिओ लोक बघायचे म्हणून आप्पांनी तिला बोलावलं. पहिल्या तालमीत ती गायली आणि सुषमाच्या मनावरचा धोंडा उतरला. पोरीचा आवाज गोड होता, पण अंतऱ्यात सूर खाली यायचा, उडी मारली की फांदी हुकायची. कीबोर्डवाल्यानं सुषमाकडं बघून भुवई उडवली. सुषमा गालात हसली. ही काय टिकत न्हाई, तिनं मनात ठरवून टाकलं.

आणि मग तळेगाव ढमढेऱ्याच्या हळदीत तीच अनुपमा तेच गाणं गायली, आणि एक सूर इकडचा तिकडं झाला नाही.

सुषमा स्टेजच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. ती हळूहळू उठून उभी राहिली. तालमीत जिथं जिथं फांदी हुकली होती तिथं तिथं आता सूर बरोबर, स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. तिनं साउंडवाल्या महेंद्रला गाठलं. महेंद्र ‘स्वरमेळा’चं सगळं साउंड बघायचा. त्यानं मिक्सरच्या खाली ठेवलेला एक काळा चपटा डबा दाखवला. त्यावर निळा दिवा जळत होता.

“पिच करेक्शन म्हणत्यात ह्याला, ताई. गाणं कुठल्या पट्टीत हाय ते आधी सांगायचं. मग गाणारा जरा चुकला तरी हा त्याला वढून जवळच्या बरोबर सुरावर आणतो. तिथल्या तिथं. ऐकणाऱ्याला पत्ता लागत न्हाई.”

“म्हंजी गातंय कोण?”

“गातात अनुपमाताईच की. हा नुसता हात धरतो.”

“आन् हे बटन?”

“ते दाबलं की डबा बंद. मग जसा गळा तसा आवाज.” महेंद्रनं बटण न दाबता नुसतं बोट ठेवून दाखवलं.

सुषमाला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. तिला राग आला तो डब्याचा नव्हे. राग आला तो याचा, की समोरच्या खुर्च्यांतल्या कुणालाच काही फरक पडला नव्हता. इतकी वर्षं पहाटे उठून, लोणचं-ताक सोडून, गार पाण्याला शिवायचं नाही असं करून जो सूर तिनं सांभाळला, तो या पोरीला एका बटणावर मिळाला होता. आणि टाळ्या सारख्याच पडल्या होत्या. सारख्या कसल्या, जास्तच.

कारण अनुपमाकडं दुसरंही काही होतं, ते डब्यातून येत नव्हतं. ती स्टेजवरून खाली उतरायची. नवरदेवाच्या आजीला नाव विचारायची, तिचं नाव गाण्यात घालायची. कुणाचं लेकरू रडायला लागलं तर त्याच्यासमोर माईक धरून म्हणायची, “हा बघा आमचा नवीन गायक, लई वरची पट्टी हाय.” सगळा मांडव हसायचा. सुषमा डोळे मिटून गायची. डोळे मिटून गाणाऱ्या बाईशी लोक बोलत नाहीत.

पोस्टर बदललं, मग पहिलं गाणंही बदललं. आप्पा म्हणाले, “सुषमाताई, सुरुवातीला जरा तरुण चेहरा असला म्हंजी लोक खुर्च्या धरत्यात. तुम्ही मधी गा. वजनाची गाणी तुमची.” सुषमा “बरं” म्हणाली. शिरूरच्या एका कार्यक्रमात नवरीच्या मैत्रिणी अनुपमाभोवती गोळा झाल्या. त्यातल्या एकीनं आपला मोबाईल सुषमाच्या हातात दिला. “मावशी, आमचा एक फोटो काढता का? अनुपमाताई मधी येऊ द्या.”

सुषमानं फोटो काढला. दोनदा काढला, कारण पहिल्यांदा अनुपमा मधोमध आली नव्हती.

घरीही सुटका नव्हती. तिची मुलगी तेजश्री दहावीत होती. ती जेवताना मोबाईल ताटाशेजारी टेकवायची आणि त्यात अनुपमा गात असायची.

“बंद कर ते.”

“आई, किती भारी हाय बघ ना. हिला चाळीस हजार लोकं बघत्यात.”

“ती गात न्हाई. मशीन गातं.”

“मग काय झालं? आपल्या पिठाच्या गिरणीला मोटर हायेच की. पीठ पीठच असतंय.”

बिरदेव हसला. सुषमानं ताट सरकवलं आणि उठली. दुपारी घर रिकामं झालं की मात्र ती स्वतःच तो मोबाईल उघडायची. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते एकेक वाचायची. ‘आवाजात मध आहे.’ ‘ताई तुमच्यासारखं कुणीच नाही.’ वाचून झालं की परत वरून वाचायची. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं व्हायचं.

तिनं डब्याची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. पाबळच्या बाजारात सांगितली, बचत गटात सांगितली, नणंदेला फोन करून सांगितली. कुणी म्हणालं, “आता सगळं मशीनवरच हाय.” कुणी म्हणालं, “पण दिसती छान.” नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्हाला तिचं बरं बघवत न्हाई का?” त्यावर सुषमानं फोन ठेवून दिला. गोष्ट खरी होती, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून आली होती.

मत्सरानं माणूस बारीक बारीक वाईट वागायला लागतो. अनुपमा तिला आदरानं ‘ताई’ म्हणायची, शेजारी बसायची, विचारायची. एकदा तिनं विचारलं, “ताई, हा अंतरा लांब हाय. दम कुठं घेऊ?” सुषमानं दम घ्यायला मुद्दाम चुकीची जागा सांगितली. कार्यक्रमात अनुपमाला ओळीच्या मध्येच धाप लागली, शब्द तुटला. खाली आल्यावर ती हसत म्हणाली, “मीच गडबडले बहुतेक, ताई. तुम्ही सांगितलं ते माझ्या ध्यानातच राहिलं न्हाई नीट.” सुषमाला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. थोडंसं वाटलंही.

त्या दिवसांत तिला आधार होता तो एकाच गोष्टीचा: तिचा स्वतःचा आवाज. स्टेजवर तो पूर्वीपेक्षाही लख्ख लागत होता. वरचा सूर लावला की जाऊन थेट जागेवर बसायचा. घरी चुलीपुढं गुणगुणताना तो कधी कधी चिरकायचा, सकाळी घोगरा निघायचा, पण साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता, रस्त्यानं उसाच्या गाड्या, धूळ; तिनं मनावर घेतलं नाही. तालमीत तर ती वरचे सूर लावायचीच नाही. आवाज कार्यक्रमाला राखून ठेवायचा, अशी तिची जुनी सवय. स्टेजवर उभी राहिली की सगळं जमून यायचं. ‘ऐका,’ ती मनात म्हणायची, ‘ह्याला गळा म्हणत्यात.’

संक्रांतीनंतर भांडगावच्या महिलांचा हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम ठरला. अनुपमाचं सासर. दुपारची वेळ, गावातल्या मैदानात मांडव, आणि पहिल्या रांगेत तिची सासू तुळजाबाई. या तुळजाबाईंना सुनेचं स्टेजवर गाणं आधी पसंत नव्हतं, हे सुषमाला ठाऊक होतं. अनुपमानंच एकदा गाडीत सांगितलं होतं: आत्याबाई आजवर एकाही कार्यक्रमाला आल्या नाहीत, पहिल्यांदाच ऐकणार आहेत.

शिक्रापूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं टेम्पो निघाला. भीमेवरचा पूल ओलांडला, दोन्ही बाजूंना ऊस. अनुपमा खिडकीला डोकं टेकवून शब्द पाठ करत होती. सुषमा मागच्या सीटवर बसून तिच्या मानेकडं बघत होती. बटणाचा विचार तिच्या डोक्यात त्या रस्त्यावर आला की तो आधीपासूनच तिथं होता, हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही.

मांडव भरला होता. एका स्पीकरमधून घूं घूं आवाज यायला लागला म्हणून महेंद्र वायर धरत स्टेजच्या मागं जनरेटरकडं गेला. मिक्सरपाशी कुणी नव्हतं. समोर आप्पा माईकवर पाहुण्यांची नावं घेत होते. सुषमा पाणी प्यायला गेल्यासारखी तिकडं गेली, वाकली आणि बटण दाबलं. निळा दिवा विझला. महेंद्रचा घाम पुसायचा नॅपकिन शेजारी होता, तो तिनं डब्यावर टाकला.

अनुपमा आली. टाळ्या पडल्या. हळदीचं गाणं, गावातल्या सगळ्या बायांना पाठ असलेलं. तिनं पहिली ओळ घेतली, ती बरी गेली. दुसऱ्या ओळीत वर गेली आणि सूर घसरला. तिनं चमकून महेंद्रच्या जागेकडं पाहिलं, जागा रिकामी. पुढच्या ओळीत आणखी घसरला. पुढच्या रांगेत दोन मुली एकमेकींकडं बघून हसल्या. तुळजाबाई ताठ बसल्या होत्या, पदर घट्ट ओढून, चेहऱ्यावर काहीच नाही.

सुषमा स्टेजच्या कडेला उभी होती. आत्ता, तिला वाटलं. आत्ता कळू दे सगळ्यांना.

अनुपमा गाता गाता थांबली. वाद्यंही अडखळून थांबली. मग तिनं माईक तोंडाशी नेला आणि हसली.

“बायांनो, खरं सांगू का? आज आमच्या आत्याबाई समोर बसल्यात. माझा गळाच पळून गेलाय. आता तुम्हीच म्हणा माझ्यासंगं, न्हाईतर घरी गेल्यावर मला जेवण मिळायचं न्हाई.”

हशा पिकला. कुणीतरी मागून ओरडलं, “म्हण गं, आम्ही हाय!” आणि सगळा मांडव गायला लागला. बेसूर, भसाडा, एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला, पण मैदान दणाणून गेलं. अनुपमा खाली उतरली आणि सासूच्या समोर जाऊन उभी राहिली. तुळजाबाई आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांनी सुनेच्या हाताला धरून माईक जवळ ओढला आणि एक ओळ म्हटली, आपल्या जाड, जुन्या आवाजात. बायांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला.

सुषमा कडेला उभी राहून बघत होती. सूर काढून घेतला तरी हिचं काहीच गेलं नव्हतं. उलट वाढलं होतं.

आप्पांनी खूण केली. “सुषमाताई, घ्या तुमचं.”

ती चढली. मनात एकच होतं: आता दाखवते. तिचं ठेवणीतलं गाणं, ज्याच्या अंतऱ्याला वरचा सूर धरून ठेवायचा असतो. काळी चार. तिनं डोळे मिटले. मुखडा चांगला गेला. अंतऱ्याला ती चढली, सूर लावला आणि तो लागला नाही.

खाली राहिला. थोडासाच, पण राहिला. तिनं डोळे उघडले, कीबोर्डवाल्याकडं पाहिलं. पट्टी चुकली का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा चढली. या वेळी आवाज चिरला आणि मोठ्या स्पीकरमधून तो चिरका, थकलेला, वय झालेला आवाज सगळ्या मैदानावर पसरला. कुणाचा आहे हा, असं तिला एक क्षण खरंच वाटलं.

बाया गप्प होत्या. हसलं कुणी नाही. ती गप्प राहण्यातली भीड तिला हसण्यापेक्षा वाईट वाटली. अंतरा तिनं खालच्या सुरात कसाबसा उरकला. शेवटच्या मुखड्याला बाजूनं दुसरा आवाज आला. अनुपमा माईक घेऊन शेजारी येऊन उभी राहिली होती आणि बायांना हात करून म्हणायला लावत होती. टाळ्या पडल्या. त्यातल्या आपल्या किती हे सुषमाला कळत होतं.

मांडवाच्या मागं महेंद्र डब्यावरचा नॅपकिन हातात धरून उभा होता. आप्पाही आले, पाठोपाठ अनुपमा.

“बंद होता,” महेंद्र म्हणाला. “कुणी केला? मी चालू ठिवून गेलो होतो.”

“पण माझं काय झालं?” सुषमानं विचारलं. “तिचं कळलं. माझं काय झालं?”

महेंद्रनं आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी जमिनीकडं पाहिलं.

“ताई,” महेंद्र हळू म्हणाला, “दोन्ही माईक त्याच्यातनंच जातात. मागच्या लगीनसराईपासनं. तुमचा लई हलका ठिवला होता, कळू नये असा. तुमचे वरचे सूर जरा खाली यायला लागले होते ना.”

“मला कुणी सांगितलं का न्हाई?”

“मीच म्हणलो सांगू नको,” आप्पा म्हणाले. “तुम्हाला वाईट वाटलं असतं, ताई. सूर म्हंजी तुमचा जीव.”

सुषमानं अनुपमाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे हिलाही माहीत होतं. वर्षभर ही शेजारी बसली, ‘ताई, ताई’ करत शिकून घेतलं, आणि एकदाही, चेष्टेतसुद्धा, बोलली नाही.

“पण बटन कुणी दाबलं?” महेंद्रचा प्रश्न होताच.

“माझ्याकडनं झालं असंल,” अनुपमा म्हणाली. “साडीच्या निऱ्यांचा बोंगा सावरत मी तिथनंच वर गेले.”

नॅपकिन साडीच्या बोंग्यानं डब्यावर कसा पडतो, हे कुणी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर सुषमा मागच्याच सीटवर बसली. आवाज गेला हे दुःख होतंच, पण त्याच्या वर दुसरं काहीतरी ठसठसत होतं. रूप हिच्याकडं, वय हिच्याकडं, माणसं हिच्याकडं. आणि आता मोठं मनही हिच्याकडंच. माझ्यासाठी म्हणून काही ठेवलंय का देवानं? ऊस मागं पळत होता आणि ती रडत होती, तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

बिरदेवनं रजा टाकून तिला शिरूरला घशाच्या डॉक्टरकडं नेलं. नळीसारखा कॅमेरा घालून डॉक्टरांनी पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. बारीक, साध्या, पण जुन्या. स्पीकरच्या भिंतीपुढं वर्षानुवर्षं ताणून गाण्याच्या. “आधी आवाजाला विश्रांती,” डॉक्टर म्हणाले. “गाणं बंद, बोलणंही अगदी गरजेपुरतं. मग व्यायाम देतो. गाठी बसतील. वरचे सूर पहिल्यासारखे येतील असं मात्र सांगत नाही.”

काही आठवडे सुषमा घरात खुणांनी बोलली. तेजश्रीला आधी गंमत वाटली, मग ती जेवताना मोबाईल बाजूला ठेवायला लागली. ‘स्वरमेळा’चे सगळे कार्यक्रम अनुपमा एकटी करत होती. सुषमाची गाणीही तीच म्हणायची. हे सुषमाला मोबाईलवर दिसायचं. बोलता येत नसलं की आतलं बोलणं जास्तच मोठं होतं. तिनं त्या दिवसांत अनुपमाला मनातल्या मनात इतकं काही ऐकवलं, की एका दुपारी तिचं तिलाच थकायला झालं.

फाल्गुनात अनुपमा केंदूरला आली, इंद्रजीतच्या गाडीतून, पिशवीभर पेरू घेऊन. तोवर डॉक्टरांनी सुषमाला हळू बोलायला परवानगी दिली होती. बिरदेव कामावर होता. चहा झाला. मग सुषमा म्हणाली, “बटन मी दाबलं होतं.”

“माहीत हाय.”

“मग तवा का न्हाई बोललीस? मोठेपणा दाखवायला?”

अनुपमानं रिकामा कप खाली ठेवला. “मोठेपणा कसला, ताई. माझ्या सासरच्या गावात, आत्याबाईंच्या समोर, मला तमाशा नको होता. तुमची दया आली म्हणून न्हाई. घरी जाऊन मी तुम्हाला लई शिव्या घातल्या. यांना इचारा,” तिनं बाहेर गाडीपाशी थांबलेल्या इंद्रजीतकडं मान केली.

सुषमाला हसू आलं नाही, पण काहीतरी सैल झालं.

“आन् खरं सांगू?” अनुपमा पुढं म्हणाली. “मला तुमचा आधीपासनंच राग यायचा. तालमीत तुम्ही नुसतं गुणगुणता ना, तेसुदिक सुरात असतं. डबा न्हाई, काय न्हाई. माझं तसं कवाच होणार न्हाई. गाडीत तुम्ही मागं बसून गुणगुणायच्या, तवा मी कानात ते इअरफोन घालायचे. ऐकवायचं न्हाई मला.”

हे मात्र सुषमानं कधी कल्पिलं नव्हतं. तिनं दोनदा ‘खरंच?’ असं विचारलं. तिला ते तिसऱ्यांदाही ऐकायचं होतं, पण तिनं स्वतःला आवरलं. अनुपमा गेल्यावर संध्याकाळभर तिला बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं का वाटतंय हे कळून थोडी लाजही वाटत होती.

उन्हाळ्यात सुषमा परत गायला लागली. आप्पा म्हणाले, “डबा हायेच, ताई. जुन्याच पट्टीत गा, तो सांभाळून घेतो.” सुषमानं नकार दिला. महेंद्रसमोर उभं राहून तिनं आपली वायर डब्यातून काढून घेतली आणि थेट मिक्सरला लावायला लावली. पट्टी तिनं खाली आणली, पार पांढरी तीनपर्यंत. कीबोर्डवाल्यानं विचारलं, “एवढ्या खाली?” ती म्हणाली, “जेवढं माझं हाय तेवढंच.”

खालच्या पट्टीत तिचा आवाज जाड आणि ऐसपैस लागला. काही जुनी गाणी त्या आवाजाला साजली, काही गाणी कायमची गेली. ज्या ठेवणीतल्या गाण्याला वरचा सूर धरायचा होता, ते तिनं अनुपमाला दिलं. म्हणजे दिलं असं नाही. अनुपमा ते म्हणतच होती, सुषमानं फक्त ‘म्हण’ म्हटलं. मंगळवारी अनुपमा कधीमधी केंदूरला शिकायला येऊन बसायला लागली. तिचा सूर पूर्वीइतका घसरेना. महेंद्रनं एकदा सांगितलं, डबा आता थोडा सैल केलाय, त्यांना तेवढा लागत नाही. सुषमाला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचलंही. हेसुद्धा हिला जमायला लागलं?

पुढच्या हंगामात शिरूरला एका निवृत्त मास्तरांच्या साठीचा कार्यक्रम होता. सुषमाची गाणी आटोपली होती. ती खाली येऊन पाहुण्यांच्या रांगेत बसली. स्टेजवर अनुपमा ते ठेवणीतलं गाणं म्हणत होती. अंतरा आला. ती चढली, आणि सूर धरून राहिली. सुषमाचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं वाकून विचारलं, “ही कुणाची वं? लई गोड गाती.”

“भांडगावची हाय. आमच्यातलीच.”

“तुम्हीबी छान म्हणलं मघाशी. पण हिचं म्हंजी…” बाई नुसतीच हसली.

“व्हय,” सुषमा म्हणाली. तिनं पदर सारखा केला. “चांगली गाती.”

आणि अंतरा दुसऱ्यांदा आला तेव्हा ती बारकाईनं ऐकत राहिली, कुठं हुकतेय का ते.